शिशाच्या नळजोडण्यांची मोजदाद: अमेरिकेतील लहान नळयोजनांचे अनुभव

पाणवठा | 11 जानेवारी 2025

नमस्कार. गेली काही वर्षे मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लहान गावांच्या नळयोजनांना तांत्रिक साहाय्य देण्याचे काम करतो. कोणत्या घराला कोणत्या धातूचा पाइप गेला आहे याची यादी गावाबरोबर बसून तयार करणे, हा सध्या त्या कामाचा सर्वांत मोठा भाग झाला आहे. येथील काही मराठी कुटुंबांना गेल्या नोव्हेंबरच्या आसपास पाणीपुरवठा खात्याचे एक पत्र आले असेल आणि त्यात आपल्या जोडणीचा धातू 'अज्ञात' असल्याचे लिहिले असेल. ते पत्र कोठून आले आणि त्याचे काय करावे, हे मराठीत कोणीतरी लिहावे असे वाटले, म्हणून हा धागा.

रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी बिडाची, सिमेंटची किंवा प्लास्टिकची असते, शिशाची नसते. शिसे सापडते ते मुख्य वाहिनीपासून घरातल्या मीटरपर्यंत येणाऱ्या पाऊण-एक इंची नळीत. या नळीला मी पुढे 'जोडवाहिनी' म्हणेन. शिसे मऊ असते, हवे तसे वळते आणि जमीन थोडी खचली किंवा गोठून फुगली तरी तुटत नाही, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते प्लंबरांच्या आवडीचे होते. 'प्लंबर' हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे. शिकागोत तर लहान जोडण्यांना शिशाचाच पाइप हवा, असा नियम 1986 पर्यंत होता. त्याच वर्षी केंद्रीय कायद्याने नव्या कामांत शिशाच्या पाइपांवर बंदी आणली. मात्र आधी पुरलेले पाइप जागच्या जागी राहिले आणि ते कोठे आहेत याची घरनिहाय मोजदाद देशपातळीवर कोणी मागितली नाही. 1991 च्या नियमाने पाण्यातील शिसे मोजायला लावले. प्रत्येक जोडवाहिनीची यादी करा, असे 2021 च्या सुधारणेने प्रथमच सांगितले आणि त्यासाठी 16 ऑक्टोबर 2024 ही मुदत दिली.

यादीत चारच प्रकार आहेत: शिशाची वाहिनी, जिच्या वरच्या अंगाला, म्हणजे मुख्य वाहिनीच्या बाजूला, शिसे आहे किंवा कधीकाळी होते अशी आणि त्यामुळे बदलावी लागणारी जस्तलेपित लोखंडी वाहिनी, शिसे नसलेली वाहिनी आणि अज्ञात. शिवाय प्रत्येक वाहिनीचे दोन तुकडे मानले जातात, एक मुख्य वाहिनीपासून पदपथाजवळच्या बंद करण्याच्या व्हॉल्व्हपर्यंतचा आणि दुसरा तेथून घरापर्यंतचा. बहुतेक गावांत पहिला तुकडा योजनेचा आणि दुसरा घरमालकाचा असतो, आणि दोन्ही एकाच धातूचे असतील असे गृहीत धरता येत नाही.

हे सारे मोठ्या शहराला एक वेळ जमते, कारण तेथे नकाशे आणि अभियंते असतात. या देशात सुमारे 50,000 सामुदायिक नळयोजना आहेत आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक योजना 10,000 पेक्षा कमी लोकांना पाणी देतात. मी ज्या गावांत जातो तेथे योजना चालवणारा माणूस एकच असतो. सकाळी क्लोरीन तपासणारा तोच, दुपारी बागेतील गवत कापणारा तोच आणि बर्फ पडला की रस्ता साफ करणाराही तोच. त्याच्याकडे यादीचा कोरा तक्ता आणि मुदतीची तारीख आली, तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत मला विचारले की सगळीकडे 'शिसे नाही' लिहिले तर चालेल का, कारण गेल्या वीस वर्षांत त्याला तरी शिशाचा पाइप दिसला नव्हता. चालणार नाही, हे त्याला पटवण्यात एक आख्खी दुपार गेली. ती दुपार वाया गेली असे मला आजही वाटत नाही.

गोदाकाठ | 11 जानेवारी 2025

माहितीपूर्ण धागा. मला एक मूलभूत शंका आहे. पाण्यात शिसे आहे की नाही हे प्रयोगशाळेत कळतेच, तर मग प्रत्येक घरी पाणी तपासले की काम झाले नाही का? पाइप शोधण्याचा खटाटोप कशासाठी? दुसरे असे की, स्वतःच पुरलेला पाइप कोठे आहे हे योजनेलाच ठाऊक नसते, हे ऐकून नवल वाटले.

पाणवठा | 12 जानेवारी 2025

गोदाकाठ, पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. पाण्यातील शिशाचे प्रमाण एकाच घरात तासागणिक बदलते. पाणी पाइपात किती वेळ थांबले, नळ किती जोराने सोडला, बाहेर थंडी आहे की उन्हाळा, आदल्या आठवड्यात रस्त्यावर खोदकाम झाले का, या सगळ्यांवर ते अवलंबून असते. त्यातच नळ उघडल्यावर येणारे पहिले लीटरभर पाणी बहुधा स्वयंपाकघरातील फिटिंगांमध्ये थांबलेले असते आणि जोडवाहिनीतील पाणी त्यानंतर येते. म्हणून ऑक्टोबर 2024 च्या नव्या नियमाने शिशाची वाहिनी असलेल्या घरी पाणी किमान सहा तास न वापरता ठेवून पाचवे लीटरही तपासायला सांगितले आहे. नमुन्यात शिसे जास्त आले तर ते कोठूनतरी येते आहे एवढे निश्चित होते. कमी आले म्हणून पाइप शिशाचा नाही, असे मात्र म्हणता येत नाही, कारण पाइपाच्या आतील क्षारांचा थर सध्या शिसे अडवून धरत असेल आणि पाण्याची प्रत बदलताच तो सुटेल. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात हेच घडले. एप्रिल 2014 मध्ये त्या शहराने पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले, गंज रोखणारी प्रक्रिया केली नाही आणि अनेक दशके गप्प बसलेले पाइप बोलू लागले.

दुसरी शंका. जोडणी देताना पूर्वी एक कार्ड भरत असत. त्यावर घराचा क्रमांक, तारीख, नळीचा व्यास, कोठून किती फूट आणि कोपऱ्यात धातूचे एखादे अक्षर असे. फ्लिंटमध्येही हजारो नोंदी अशाच कार्डांवर होत्या आणि प्रत्यक्ष खोदल्यावर त्यांतील अनेक चुकीच्या ठरल्या. मी पाहिलेल्या एका गावात ही कार्डे बुटांच्या खोक्यात होती आणि खोके नगर कार्यालयाच्या तळघरात होते, जेथे एकदा पाणी शिरलेले होते. काही कार्डांवर नुसते इंग्रजी 'जी' हे अक्षर होते. ते जस्तलेपित लोखंडासाठी आहे की मुख्य वाहिनीला जोडणाऱ्या शिशाच्या वळणदार तुकड्यासाठी आहे, यावर आम्ही दोन दिवस वाद घातला, कारण इंग्रजीत दोहोंचे आद्याक्षर तेच. उत्तर कार्डांनी दिले नाही. गावात एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त चालक राहत होते. त्यांना गाडीत बसवून रस्त्यारस्त्याने फिरवले, तेव्हा त्यांनी सांगितले की आधीचा लिपिक लोखंडासाठी ते अक्षर लिहीत असे आणि त्याच्यानंतर आलेला दुसऱ्या अर्थाने. अक्षराचे वळण पाहून दोघांची कार्डे वेगळी केली, तेव्हा कोठे अर्थ लागला.

कार्ड खरे असले तरी ते त्या दिवशी काय पुरले एवढेच सांगते. मधल्या काळात गळतीची दुरुस्ती झाली असेल, घर वाढवताना पाइप बदलला असेल, आणि त्याची नोंद झाली नसेल. म्हणून कागद कोठून सुरुवात करावी हे सांगतो, एवढेच.

रहाटगाडगे | 14 जानेवारी 2025

आम्ही पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावात 1920 च्या दशकात बांधलेल्या घरात राहतो आणि आम्हाला ते 'अज्ञात'चे पत्र आले आहे. घरात दहा महिन्यांचे बाळ आहे, त्यामुळे पत्र वाचल्यापासून पत्नी अस्वस्थ आहे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोन केला, तर खोदकामाला उन्हाळा उजाडेल असे सांगण्यात आले. तोपर्यंत आम्ही स्वतः काही पाहू शकतो का?

पाणवठा | 14 जानेवारी 2025

रहाटगाडगे, आपण पुष्कळ काही पाहू शकता, आणि आज संध्याकाळीच पाहू शकता. थंड प्रदेशात मीटर तळघरात असतो, त्यामुळे जोडवाहिनीचा शेवटचा थोडा भाग उघडा दिसतो. भिंतीतून किंवा जमिनीतून पाइप आत येतो ती जागा शोधा आणि तेथून मीटरपर्यंतचा भाग पाहा, मीटरनंतरचा नव्हे. पाइपावर रंग असेल तर थोडासा पुसून घ्या. चुंबक लावा. चिकटला तर ते लोखंड आहे, बहुधा जस्तलेपित. चिकटला नाही तर नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. सुरी किंवा यंत्र वापरू नका. तांबे नव्या पैशासारखे तांबूस चमकते. शिसे बाहेरून मळकट राखाडी असते, पण नाणे सहज रुतते आणि खरवडलेली जागा चांदीसारखी लखलखते. शिशाच्या पाइपाची आणखी एक खूण म्हणजे फिटिंगजवळ कांद्यासारखा फुगीर सांधा, जो जुने प्लंबर वितळलेले शिसे-कथिलाचे मिश्रण कापडाने पुसून तयार करीत. प्लास्टिक निळे, पांढरे किंवा काळे असते आणि ठोकल्यावर पोकळ वाजते. खरवडल्यावर पडलेला कीस ओल्या कागदाने टिपून टाका, हात धुवा, फोटो काढा आणि तो कार्यालयाला पाठवा. असे फोटो यादीसाठी ग्राह्य धरण्याची सोय बहुतेक योजनांनी केली आहे, आणि चालकाला ते हवेच असतात.

बाळासाठी मात्र यादीची वाट पाहू नका. शिसे काढण्यासाठी एनएसएफ 53 या मानकाखाली प्रमाणित केलेली गाळणी आजच आणा, आणि पिण्याचे, स्वयंपाकाचे व बाळाच्या दुधाचे पाणी तीतूनच घ्या. वेष्टनावर 'शिसे' हा शब्द स्पष्ट छापलेला आहे का ते पाहा, कारण त्याच मानकाखालच्या सगळ्याच गाळण्या शिसे काढत नाहीत. पाणी उकळल्याने शिसे जात नाही. उलट पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते. आपल्याकडे 'उकळून घ्या' हा प्रत्येक दूषित पाण्यावरचा उपाय असल्यामुळे हे मुद्दाम लिहितो. बाळाच्या रक्तातील शिशाची तपासणी करावी का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारा. ती साधी चाचणी आहे.

जुनी_वही | 15 जानेवारी 2025

मी महाराष्ट्रात पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो आहे. आमच्याकडे घरजोडणीसाठी जीआय, म्हणजे जस्तलेपित लोखंडी, पाइपच सर्वत्र वापरला गेला आणि नंतर प्लास्टिक आले, त्यामुळे शिशाच्या जोडवाहिन्यांचा हा प्रश्न आमच्यापुढे या स्वरूपात आला नाही. मात्र बिडाच्या पाइपांच्या सांध्यात तागाचा दोर ठोकून वर वितळलेले शिसे ओतण्याची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. दोन गोष्टी विचारतो. तो ओतलेला सांधा धोक्याचा मानायचा का? आणि नुसत्या जीआय पाइपाला येथे 'बदलणे आवश्यक' का ठरवले आहे, तो तर लोखंडाचा आहे?

पाणवठा | 16 जानेवारी 2025

आपल्यासारख्या अनुभवी वाचकाने लिहिले याचा आनंद झाला. सांध्यातील शिसे बाहेरच्या अंगाला असते, मध्ये दोर असतो आणि पाण्याचा त्याच्याशी संपर्क फारच थोडा येतो, तोही वाहत्या पाण्याचा. उलट जोडवाहिनीत पाणी रात्रभर शिशाच्या भिंतींना टेकून उभे राहते. म्हणून येथील यादीत अशा सांध्यांचा विचार नाही.

जीआय पाइपाबद्दल: नुसता जीआय पाइप बदलावा लागत नाही. त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे मुख्य वाहिनीच्या बाजूला, शिसे आहे किंवा पूर्वी होते, असे असेल तरच बदलावा लागतो. जस्ताचा लेप उडाल्यावर आत गंजाची खपली धरते आणि ती स्पंजासारखी वरून आलेले शिसे शोषून ठेवते. शिशाचा तुकडा काढून टाकल्यावरही ती खपली वर्षानुवर्षे कण सोडत राहते. गोम येथे आहे: 'पूर्वी कधीही शिसे नव्हते' हे सिद्ध करणारा कागद नसेल, तर तो जीआय पाइप बदलण्याच्याच यादीत जातो. त्यामुळे लहान गावांत शिशाचे पाइप मोजके निघतात आणि जीआयची संख्या वाढत जाते, असे मी वारंवार पाहिले आहे.

भारताचा उल्लेख निघाला म्हणून एवढेच नोंदवतो की, तेथे शिशाची चर्चा वेगळ्या वाटेने झाली. पीव्हीसी पाइप तयार करताना स्थिरीकरणासाठी शिशाचे संयुग वापरले जात असे आणि ते हटवण्याचे नियम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2021 मध्ये काढले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा दर लीटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत 15 मायक्रोग्रॅमचा आकडा होता आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या नव्या नियमाने तो 10 वर आणला आहे. त्याचे पालन 1 नोव्हेंबर 2027 पासून करायचे आहे. मात्र येथील आकडा योजनेने कृती कधी सुरू करावी ते सांगतो. त्याखालचे पाणी निर्धोक असे त्याचा अर्थ नाही. आरोग्याच्या दृष्टीने येथील उद्दिष्ट शून्यच आहे.

शेवगा | 17 जानेवारी 2025

मी विदा-विश्लेषणाच्या क्षेत्रात आहे. घराचे बांधकाम वर्ष, मालमत्तेचे मूल्य, शेजारच्या घरांच्या नोंदी यांवरून संगणकाने प्रत्येक घरी शिसे असण्याची शक्यता काढता येईल. फ्लिंटमध्ये असे प्रारूप वापरले होते, असे वाचल्याचे आठवते. मग आपली गावे बुटांच्या खोक्यांत का अडकली आहेत?

पाणवठा | 18 जानेवारी 2025

आपल्याला बरोबर आठवते. फ्लिंटमध्ये विद्यापीठीय संशोधकांच्या प्रारूपाच्या आधारे खोदले तेव्हा बहुतेक ठिकाणी बदलण्याजोगा पाइप निघाला. पुढे 2018 मध्ये ते बाजूला ठेवून सरसकट खोदले, तेव्हा हे प्रमाण एकदम घसरले आणि चांगल्या तांब्याच्या पाइपांभोवती खड्डे घेण्यात पैसा गेला. मोठ्या शहरासाठी मी प्रारूपाच्या बाजूचा आहे.

परंतु प्रारूपाला शिकवण्यासाठी पडताळलेल्या जोडण्या लागतात, आणि चारशे जोडण्यांच्या गावात तेवढी पडताळणी करेपर्यंत निम्मे गाव तपासून होते. त्यापेक्षा आम्ही वेगळा क्रम लावतो. प्रथम करखात्याच्या नोंदीवरून घराचे बांधकाम वर्ष घेतो आणि त्या राज्यात बंदी लागू झाल्यानंतरची घरे बाजूला काढतो. बंदी केंद्राने 1986 मध्ये केली तरी राज्यांत ती काही ठिकाणी दोन-तीन वर्षांनी लागू झाली, हे विसरून चालत नाही. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधले असेल तर जुनीच वाहिनी पुन्हा वापरली होती का, हेही पाहावे लागते. नंतर दोन इंचांहून जाड वाहिन्या बाजूला काढतो, कारण एवढ्या जाडीचा शिशाचा पाइप सहसा वापरत नसत. उरलेल्या घरी चालक मीटर बदलायला किंवा वाचायला जाईल तेव्हा फोटो काढतो. गळती दुरुस्त करताना खड्डा उघडलेलाच असतो, तेव्हा दोन्ही बाजूंचा धातू लिहून ठेवायचा, एवढी सवय लावली तरी वर्षभरात रकाने भरू लागतात. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त विसरला जातो.

खड्डा मात्र टळत नाही, कारण तळघरातून फक्त घराकडचे टोक दिसते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा झोत आणि शोषणयंत्र लावून एक अरुंद छिद्र घेतात. जमीन गोठण्यापूर्वी शेजारच्या गावाचे यंत्र चार दिवस उसने मिळाले तर मोठाच पल्ला गाठता येतो. तरीही मुख्य वाहिनीला लागून असलेला दोन-तीन फुटी शिशाचा वळणदार तुकडा रस्त्याखालीच राहतो. 2027 च्या यादीत तोही नोंदवायचा आहे.

गोदाकाठ | 18 जानेवारी 2025

थोडा वेगळा सूर लावतो. एवढे करण्यापेक्षा सगळ्या अज्ञात जोडण्या शिशाच्याच समजाव्यात आणि जमेल तशा बदलत जावे, हे सोपे नाही का? किंवा उलट, काहीच न करता त्या अज्ञातच ठेवल्या तर गावाचे काय बिघडते?

पाणवठा | 19 जानेवारी 2025

दोन्ही वाटा गावांनी चाचपून पाहिल्या आहेत. नव्या नियमानुसार शिशाच्या आणि बदलणे आवश्यक असलेल्या जस्तलेपित वाहिन्या साधारणपणे दहा वर्षांत बदलायच्या आहेत, आणि दरवर्षी किती बदलायच्या हे ठरवताना अज्ञात जोडण्याही त्या बेरजेत धरल्या जातात. म्हणजे 'अज्ञात' म्हणून नुसते बसून राहिले तर गावाच्या डोक्यावरचा आकडा फुगलेलाच राहतो, दरवर्षी त्या प्रत्येक घराला पत्र पाठवावे लागते आणि मुदतीअखेर त्या ओळखाव्या लागतातच. सगळे शिसे समजले तर चांगले पाइप उखडण्यात पैसा जातो. एक वाहिनी बदलायला काही हजार डॉलर लागतात आणि चारशे घरांच्या पाणीपट्टीतून तो खर्च निघत नाही. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कामासाठी 15 अब्ज डॉलर ठेवले आहेत आणि राज्यांच्या फिरत्या कर्जनिधीतून ते वाटले जातात. यादीचा खर्चही त्यातून मागता येतो. पण अर्ज भरायला माणूस लागतो, आणि आमचा माणूस बर्फ उपसत असतो. ग्रामीण पाणीपुरवठा संघटनांचे गावोगाव फिरणारे तंत्रज्ञ येथेच उपयोगी पडतात. ते गावाकडून पैसे घेत नाहीत.

तिसरी वाट सर्वांत वाईट, आणि मी सुरुवातीला जिच्याविषयी लिहिले ती हीच: माहिती नसताना 'शिसे नाही' लिहिणे. अज्ञात जोडणीच्या घराला निदान पत्र जाते आणि रहाटगाडगे यांच्यासारखे कोणीतरी तळघरात उतरून पाहते. 'शिसे नाही' असे लिहिलेल्या घराकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. एका गावाची भरलेली यादी माझ्याकडे तपासणीला आली, तिच्यात एकही अज्ञात जोडणी नव्हती. मला ती पाहून समाधान वाटण्याऐवजी शंका आली. आम्ही चिठ्ठ्या टाकून काही घरे निवडली आणि त्यांतील तिसऱ्याच घरी कांद्यासारखा सांधा निघाला. यादी परत घेऊन निम्म्या नोंदी 'अज्ञात' केल्या. सभेत काही सदस्य नाराज झाले, त्यांना आपली प्रगती उलटी झाल्यासारखी वाटली.

रहाटगाडगे | 25 जानेवारी 2025

आपण सांगितल्याप्रमाणे तळघरात पाहिले. मीटरच्या अलीकडे वीतभर तांबे आहे आणि त्यानंतर एक फिटिंग. मी तेथेच थांबणार होतो, पण पत्नीने फिटिंगच्या पलीकडे, भिंतीच्या अगदी कडेला बॅटरीचा उजेड टाकला, तर तेथे राखाडी पाइप दिसला. चुंबक घट्ट चिकटला. फोटो पाठवल्यावर चालक स्वतः येऊन पाहून गेले. आमच्या घराच्या जुन्या कार्डावर रस्त्याकडचा तुकडा शिशाचा लिहिलेला आहे आणि तो पुढे कधी बदलला की नाही याची नोंद नाही, असे त्यांनी सांगितले. गाळणी आणली आहे. बाळाची रक्ततपासणी झाली, डॉक्टरांनी काळजीचे कारण नसल्याचे सांगितले.

पाणवठा | 25 जानेवारी 2025

बाळाची बातमी वाचून बरे वाटले. मीटरजवळचे ते वीतभर तांबे बहुधा मीटर बदलताना घातलेले असावे; केवळ तेवढे पाहून 'तांबे' असे लिहिलेल्या नोंदी मी अनेकदा खोडल्या आहेत, त्यामुळे आपल्या पत्नीचे विशेष आभार. आपली जोडणी आता बदलण्याच्या यादीत जाईल. उन्हाळ्यात खोदायला येतील तेव्हा रस्त्याकडचा आणि घराकडचा असे दोन्ही तुकडे एकाच वेळी बदलण्याचा आग्रह धरा, कारण अर्धीच वाहिनी बदलली तर उरलेला भाग हादरून काही काळ शिसे वाढू शकते. काम संपल्यावर सगळ्या नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून थंड पाणी बराच वेळ वाहू द्या, जाळ्या धुऊन मग बसवा आणि गाळणी पुढचे सहा महिने चालू ठेवा. तिच्या आतील नळकांडे वेष्टनावर दिलेल्या मुदतीत बदला.